आली का जीटीए?

"काय ओ, आली का तुमची जीटीए?"

माझ्या दुकानात प्रिंटरला शाई भरून घ्यायला एक निवृत्त सर येतात. ते दर खेपेला हे विचारतात. त्यांनी स्वतः आयुष्यात कधी गेम खेळलेला नाही. पण 2023 च्या डिसेंबरात सहाव्या भागाचा पहिला ट्रेलर आला त्या सकाळी मी गिऱ्हाईक उभं ठेवून मोबाइलमध्ये डोकं घालून बसलो होतो, आणि ते गिऱ्हाईक म्हणजे सरच होते. परवा मात्र ते एक पाऊल पुढे गेले. "पाचवा भाग 2013 ला आला म्हणता. सहाव्याचा अजून पत्ता नाही. एवढी वर्षं एका खेळाची वाट बघून तुम्हाला मिळतं काय?" काउंटरवर तीन माणसं खोळंबली होती, मी हसून वेळ मारून नेली. घरीही हाच प्रश्न असतो, फक्त सूर वेगळा. तर सर, तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट सांगतो.

जीटीए म्हणजे ग्रँड थेफ्ट ऑटो. नावातच गाडीचोरी आहे, त्यामुळे शाळेत आयुष्य काढलेल्या माणसाला तो आवडावा असा माझा आग्रह नाही. एक अख्खं शहर असतं आणि त्यात तुमचा माणूस मोकळा सुटलेला असतो. नेमून दिलेली कामगिरी करा, नाहीतर समुद्राकाठच्या रस्त्याला गाडी पळवत नुसता रेडिओ ऐका. आम्ही दुसरंच जास्त करायचो.

आमची जीटीए म्हणजे 'व्हाइस सिटी'. ती प्लेस्टेशन 2 या कन्सोलवर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या गेमच्या मशीनवर, आली 2002 च्या ऑक्टोबरात, कॉम्प्युटरवर पुढच्या मे महिन्यात. सांगलीच्या आमच्या गावभागात अण्णांचा सायबर कॅफे होता, तिथे ती नेमकी कधी पोचली ते सांगता येत नाही, आणि अण्णांकडची सीडी कंपनीकडूनच आली होती असं शपथेवर सांगायला मी तयार नाही. मी दहावीला होतो. तासाला 15 रुपये. सहा मशीन, त्यातल्या चार नंबरलाच ग्राफिक्स कार्ड, म्हणून चार नंबरसाठी नंबर लागायचे. गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर चीट कोड लिहिलेले असायचे. 'पँझर' टाइप केलं की समोर रणगाडा हजर. 'लीव्ह मी अलोन' म्हटलं की मागचे पोलीस गायब. जखमा भरायला 'अ‍ॅस्पिरिन', पण त्याच्या शेवटी एक जादा ई लागायचा. ते स्पेलिंग माझ्या डोक्यात असं बसलंय, की आजही औषधाच्या चिठ्ठीवरचं बरोबर स्पेलिंग मला चुकीचं वाटतं.

खेळ जिथवर आला तिथे जतन करायला त्या गेममध्ये आठ जागा असायच्या. आठ जागा आणि गल्लीतली वीस-पंचवीस पोरं! भाऊबंदकीत बांधावरून होतात तशी भांडणं व्हायची. माझी तिसरी जागा. एकदा माझ्या आत्येभावानं घाईत स्वतःचा खेळ माझ्या जागेवर सेव्ह केला आणि माझी दोन महिन्यांची कमाई पुसली गेली. पुढचे दोन महिने आम्ही एकमेकांशी बोललो नाही. गणपतीत आजीनं दोघांना एका ताटावर बसवलं तेव्हा मिटलं.

या गेमच्या सुरुवातीला अर्धंच शहर खुलं असतं. पलीकडच्या बेटावर जाणारे पूल बंद, कारण वादळाचा इशारा दिलेला. सांगलीच्या पोराला हे काही समजावून सांगावं लागत नाही. आम्ही लहानपणापासून पावसाळ्यात एकच आकडा ऐकत आलोय, कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट. तो आकडा चढला की शाळेला सुटी, आणखी चढला की सामान माळ्यावर. मी त्या बंद पुलापाशी गाडी लावून पलीकडच्या उंच इमारती बघत बसायचो. तासाला 15 रुपये मोजून! कामगिऱ्या पुऱ्या करत गेलं की पूल उघडतात. चार नंबरवर ते पहिल्यांदा उघडले त्या संध्याकाळी सगळी पोरं खुर्चीमागे गोळा झाली, अण्णासुद्धा गल्ला सोडून उठून आले. गाडी पुलावर चढली तेव्हा कोणीतरी 'मोरया' ओरडलं. कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही.

पुढचा भाग, 'सॅन अँड्रिआस', कॉम्प्युटरवर आला 2005 च्या जूनमध्ये. अण्णा म्हणाले, रॅम वाढवतो, मग लावतो. जुलै सरता सरता कृष्णाच गावात आली.

माझे वडील अडत दुकानात मुनीम होते, हळदीच्या. त्यांच्या शेठचा माल हरिपूरच्या पेवांत असायचा. सर, तुम्हाला पेव माहीत आहे, पण हे वाचणाऱ्या पोरांसाठी सांगतो: जमिनीत खोल खणलेली, रांजणासारखी जागा. हळद भरायची, तोंड बंद करायचं, वर माती लोटायची. आत वर्षानुवर्षं कीड लागत नाही. भाव आला की उघडायचं. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आतली कोंदलेली हवा जाऊ द्यायची. त्या वर्षी पेवांत पाणी शिरलं. वडील रोज हरिपूरला जाऊन यायचे आणि न बोलता जेवायचे. कपड्यांना कुजलेल्या हळदीचा वास यायचा.

पाणी उतरल्यावर अण्णांनी मला बोलावून घेतलं. सहाही मशीन चिखलानं भरलेली. आम्ही एकेक कॅबिनेट खोलून दात घासायच्या ब्रशनं बोर्ड धुतले, ऊन नव्हतं म्हणून शेजारच्या वहिनींचा हेअर ड्रायर मागून आणला. सहातली दोन जगली. चार नंबरची हार्ड डिस्क फिरलीच नाही. माझी तिसरी जागा तिच्यात होती, शेवटची एक कामगिरी राहिलेली. पण बोर्डावरचा कुठला भाग मेलाय आणि कुठला फक्त घाबरलाय हे मला त्या आठवड्यात कळायला लागलं, आणि त्यावरच आज माझं घर चालतंय.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो.

चौथा भाग 2008 च्या एप्रिलात आला, कॉम्प्युटरवर डिसेंबरात. मोठमोठ्या मशीनवरही तो अडखळत चालायचा, माझ्या जुळवाजुळव केलेल्या डब्याला तर तो झेपलाच नाही. झेपेल असं कार्ड हातात आलं तोवर तीन वर्षं गेली होती. पाचवा 2013 च्या सप्टेंबरात आला. पण कन्सोल आमच्याकडे कोणाकडे होता? कॉम्प्युटरसाठी थांबायचं तर 2015 चा एप्रिल उजाडला. डबा उघडला तर आत सात डीव्हीडी! पासष्ट जीबी. त्या वेळच्या आमच्या नेटवर एवढं उतरवून घ्यायचं म्हणजे महिनाभर दुकानातलं बाकीचं काम बंद. मी रात्री शटर ओढून एकेक डिस्क घालत बसलो. नवीनच लग्न झालं होतं. बायको दर अर्ध्या तासानं फोन करायची, "झाला का सातवी पास?"

म्हणजे बघा, तोवर जे काही अडायचं ते आमच्या बाजूनं अडायचं. गेम तयार असायचा, आम्ही नसायचो. कधी मशीन नाही, कधी पैसे नाहीत, कधी सीडी पुण्याहून यायची आहे, कधी नदीच आडवी. जगानं खेळून, शेवट एकमेकांना सांगून, विसरून झालं की मग तो सांगलीला पोचायचा. मी वाट बघायचो ती शिळ्या गोष्टीची.

या खेपेला पहिल्यांदा उलटं झालंय. ट्रेलरमध्ये 2025 असं वर्ष दिलं होतं, म्हणून मी 2024 च्या दिवाळीत पन्नास हजारांच्या घरातला प्लेस्टेशन 5 घेतला. मशीन आहे, नेट आहे, पैसे बाजूला काढलेत, आणि गेमच नाही! लंडनमधला कोणी आणि मी, दोघांच्या हातात आज सारखंच काही नाही. तारीख पुढे गेली की त्याचीही जाते, माझीही जाते, तेवढ्याच दिवसांनी. तुम्ही विचारता मिळतं काय, तर सर, हे मिळतं. तेवीस वर्षांत मी पहिल्यांदा बाकीच्या जगाबरोबर एका रांगेत उभा आहे. रांग हलत नाही हा भाग वेगळा.

ती का हलत नाही, तेही सांगतो. तिसरा भाग 2001 चा, व्हाइस सिटी 2002 ची, सॅन अँड्रिआस 2004 ची. तिन्ही एकाच प्लेस्टेशन 2 साठी आणि एकाच इंजिनवर, म्हणजे आतल्या मूळ सॉफ्टवेअरवर, बांधलेले. जोतं तेच, वर नवा मजला. चौथ्यापासून जोतंच नवं घातलं, शहरं मोठी झाली, बारकावे वाढले, आणि काम स्कॉटलंडमधल्या एका स्टुडिओपुरतं न राहता जगभर वाटलं गेलं. जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीचा एक स्टुडिओ बंगळुरूत आहे. इथून रात्रीच्या बसला बसलं की सकाळी पोचतो. एकदा जाऊन गेटवर विचारून यावं असं माझ्या मनात कितीदा आलंय. मधल्या काळात त्यांनी 2018 ला घोड्यांचा आणि बंदुकांचा दुसरा एक प्रचंड गेम, 'रेड डेड रिडेम्प्शन 2', काढला. पण खरं कारण माझ्या मते वेगळंच आहे. पाचव्याचा ऑनलाइन खेळ 2013 पासून चालू आहे आणि पोरं त्यात अजून खऱ्या पैशानं गाड्या-बंगले घेतात. पाचव्याच्या वीस कोटींवर प्रती खपल्यात. हे मी एकदा वडिलांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, त्यांना गेममधलं ओ की ठो कळत नाही, आणि म्हणाले, "हातातल्या मालाला गिऱ्हाईक आहे तोवर पेव कोण उघडतंय?" याहून नेमकं मी आजवर कुठं वाचलेलं नाही.

दरम्यान अफवांचं पेव मात्र रोज फुटतं. कोणाच्या तरी मेहुण्याला आतली बातमी कळलेली असते. 2022 च्या सप्टेंबरात तर अर्धवट बनलेल्या गेमच्या नव्वदेक चित्रफिती चोरीला जाऊन बाहेर पडल्या. मी त्या बघितल्या नाहीत असं म्हटलं तर खोटं होईल. दोन बघितल्या. प्लास्टर न झालेल्या घरात पाहुणा म्हणून शिरल्यासारखं वाटलं आणि मोबाइल खाली ठेवला.

आमच्याहून दुर्दैवी लोक आहेत हेही ध्यानात घ्या. 'हाफ-लाइफ 2' या गेमची गोष्ट 2007 ला एका मृत्यूपाशी आणून सोडली आणि पुढचं प्रकरण आजतागायत आलेलं नाही. मधे 2020 ला एक भाग आला, तो आधीच्या काळात घडणारा, आणि तोही डोळ्यांवर आभासी जगाचा (व्हीआर) चष्मा चढवून खेळायचा. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या गेमचा 2003 चा भाग नव्यानं घडवायचं काम युबीसॉफ्ट कंपनीच्या पुण्या-मुंबईच्या स्टुडिओंकडे आहे असं 2020 ला जाहीर झालं, तेव्हा माझी कॉलर ताठ झाली होती. तारीख दोनदा पुढे ढकलली गेली आणि 2022 ला काम कॅनडाला गेलं. त्या दिवशी मला सामना हरल्यासारखं झालं होतं, का ते विचारू नका.

माझी धाकधूक वेगळी आहे. सहावा भाग परत व्हाइस सिटीतच जातोय. तोच समुद्र, तेच गुलाबी आकाश, फक्त 1986 सालाऐवजी आजचं. 2021 मध्ये त्यांनी जुने तीन भाग रंगरंगोटी करून परत विकले, तेव्हा पाऊस असा पाडला की त्यातून समोरचं काही दिसेना. नंतर दुरुस्त केला म्हणा. पण सांगलीच्या माणसाला पाऊस चुकलेला लगेच कळतो. त्या शहराला त्यांनी पुन्हा हात लावताना काही बिघडवलं तर? माझं तिथं एक काम राहिलंय.

मुलगा दहा वर्षांचा आहे. प्लेस्टेशनवर तो फुटबॉल खेळतो. जीटीए अठराच्या पुढच्यांसाठी आहे, तुला मिळणार नाही, असं मी त्याला बजावून ठेवलंय. "तुम्ही किती वर्षांचे होता?" असं त्यानं विचारलं तेव्हा मला अचानक दुकानातलं एक काम आठवलं.

तारखेचं सांगायचं राहिलं. 2025 गेलं, मग 26 मे 2026 ठरली. ती रद्द झाली तेव्हा सगळीकडे आरडाओरडा झाला. मी मात्र नवी तारीख वाचून बायकोला हाक मारली: 19 नोव्हेंबर. मे म्हणजे खेळ जेमतेम रंगात येतो तोवर जून लागला असता, आणि जुलैपासून आमचं सगळं लक्ष नदीकडे. 2019 ला आयर्विनला पाणी 57 फुटांवर गेलं तेव्हा दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या मशीन वरच्या मजल्यावर चढवता चढवता मला माझ्या सात डीव्हीडी आठवल्यासुद्धा नव्हत्या. नोव्हेंबरात दिवाळी उरकलेली असते, नदी पात्रात असते. पावसाळ्याच्या तोंडाला प्लेस्टेशन खोक्यात घालून माळ्यावर ठेवायचा आणि दिवाळीची साफसफाई झाली की खाली काढायचा, असं आमचं ठरलंय. माळ्यावर जागा करायची तर जुना पाळणा कोणाला तरी द्यावा लागेल.