पावतीपुस्तक आणि घोणस

काल संध्याकाळी पावतीपुस्तक घेऊन साताऱ्यात राजपथावर फिरले. आमच्या छोट्या निसर्ग-संग्रहालयाचं भाडं 4 महिने थकलंय. पेढेवाले काका म्हणाले, "वहिनी, मेलेल्या सापांना कशाला पैसे?" म्हटलं, "काका, बरणीतलं फॉर्मॅलिन, म्हणजे साप टिकवणारं द्रावण, उडतं. साप उघडा पडला की संपलंच." घोणस तर आत्ताच मानेपर्यंत कोरडी आहे. आणि पेंढा भरलेल्या शेकरूची शेपटी कसरीनं खाल्लीय, राज्यप्राणी असूनही! काका हसले, 501 ची पावती फाडायला लावली. कासचं पठार 2012 साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं, हंगामात तिकडे गाड्यांची रांग. आमच्याकडे परवाच्या रविवारी 6 माणसं. त्यातली दोन पाऊस आला म्हणून आडोशाला शिरलेली. त्यांनाही पावती दिलीच.