तुम्ही विचारलंत म्हणून : डिस्नीला किती पडले?

गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत, शनिवारच्या मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसले असताना. प्रश्न एकच : "तुम्ही जाऊन आलात ना फ्लोरिडाला? डिस्नीला किती पडले?" विचारणारे बहुतेक तिशीतले, एक पोर कडेवर, एक बोटाला. मी न्यू जर्सीत एडिसनला राहते आणि जमाखर्चाची वही अजून हाताने लिहिते, हे आता चारचौघांना ठाऊक झालंय. त्यामुळे प्रश्न फिरून माझ्याच दारात येतो.

तर आधी आकडा सांगते, म्हणजे ज्यांना तेवढाच हवाय ते मोकळे. नोव्हेंबर २०२४, आम्ही चौघं, मुलगा बारा वर्षांचा, मुलगी आठ, चार रात्री, पार्कात दोन दिवस. एकूण ३,९६४ डॉलर. चार हजाराला छत्तीस कमी. त्यात विमान १,०४०, हॉटेल ६६०, भाड्याची गाडी पेट्रोल-टोल धरून २४०, पार्कातलं पार्किंग दोन दिवसांचं ६०, तिकिटं १,३४०, रांग टाळण्याचे १२४, खाणंपिणं ४२०, आणि मुलांच्या हातात ८०. शेवटच्या दोन आकड्यांबद्दल पुढे बोलते, कारण खरी गंमत तिथेच आहे.

सांगलीच्या मामीला फोनवर हे सांगितलं तर तिने लगेच चौऱ्याऐंशीने गुणलं. "तीन लाख तेहतीस हजार? अगं, एवढ्यात आमचं अख्खं घर काशी करून येईल, आणि येताना गयाही." मी म्हटलं, मामी, आम्हाला काशीलाही विमानानेच यावं लागतं आता. तर म्हणाली, पण तिथे उंदराला बघायला पैसे पडत नाहीत.

आता, हा आकडा घेऊन तुम्ही बजेट मांडायला बसलात तर फसाल. का, ते सांगायला दहा वर्षं मागे जावं लागेल.

२०१४ साली सासूसासरे इकडे आले होते. मुलगा तेव्हा अडीच वर्षांचा, म्हणजे तिकीटच नाही. तिथे तीन वर्षांखालच्या मुलांना प्रवेश फुकट असतो. बाबा, म्हणजे माझे सासरे, कराडचे. पाटबंधारे खात्यात हिशेबाचंच काम केलेलं. डिस्नीच्या मुख्य पार्काचं, मॅजिक किंगडमचं, एका दिवसाचं तिकीट तेव्हा ९९ डॉलर होतं. ते ऐकून त्यांचा चेहरा जो पडला, तो ऑर्लँडोच्या विमानतळापर्यंत पडलेलाच. पार्काच्या गेटपाशी त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आत गेल्यावर प्रत्येक पाळण्याचं वेगळं तिकीट?" मी म्हटलं, नाही बाबा, एकच तिकीट, मग कितीही बसा. तिथून पुढे त्यांचा नूर पालटला. कराडजवळच्या पालीला खंडोबाच्या यात्रेत त्यांनी लहानपणी वडिलांचं बोट धरून फक्त बघितलेलं होतं सगळं. पाळण्याचे पैसे वेगळे, मौत का कुआँचे वेगळे, आरशांच्या तंबूचे वेगळे, आणि खिशात एकाचेच. इथे त्यांनी बोटीतून फिरवणारी ती बाहुल्यांची फेरी चार वेळा केली. चौथ्यांदा उतरताना म्हणाले, "वसूल."

बाबांना हे सांगायचं राहून गेलं, की त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता, उशिरा पडला होता. आणि थोडा लवकरही. १ ऑक्टोबर १९७१ ला फ्लोरिडाचं हे पार्क उघडलं तेव्हा मोठ्या माणसाचा प्रवेश साडेतीन डॉलर होता, २०२४ च्या भावात सत्तावीसेक. पण त्यात फक्त आत पाय टाकायला मिळायचा. पाळण्यांसाठी कुपनांची पुस्तकं मिळत, ए पासून ई पर्यंत. ए म्हणजे साधंसुधं, ई म्हणजे सगळ्यात जोरदार. अगदी पालीची यात्रा! १९८२ मध्ये दुसरं पार्क, एप्कॉट, उघडलं आणि त्या सुमाराला ही कुपनं गेली. एकदा पैसे भरा आणि दिवसभर हुंदडा, ही पद्धत आली. १९९९ पासून तर फास्टपास नावाची सोयही फुकट होती : वेळ राखून ठेवा, त्या वेळी या, रांगेत कमी उभे राहा. विमानतळावरून त्यांच्या हॉटेलात न्यायला बस फुकट. बाबा आले ते या सुगीच्या काळात.

ती बस २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. फास्टपासच्या जागी २०२१ च्या ऑक्टोबरात पैसे भरून घ्यायची सोय आली, सुरुवातीला माणशी दिवसाला १५ डॉलरपासून, मग पार्क आणि तारीख बघून वाढती. तिकीटही २०१८ पासून तारखेवर आहे. विमानासारखं, सुट्टीत महाग. आम्ही २०२४ ला गेलो त्याच्या आदल्याच आठवड्यात आणखी एक पास निघाला होता, बहुतेक सगळ्या रांगा एकेकदा टाळणारा. मॅजिक किंगडमसाठी माणशी ३२९ ते ४४९ डॉलर, तिकीट वेगळं. तेव्हा तो घ्यायची मुभा फक्त त्यांच्या महागड्या हॉटेलांत उतरणाऱ्यांना होती. याला बाबा काय म्हणाले असते ते मी इथे लिहीत नाही.

लोक म्हणतात, तिकीट वाढलं. वाढलंय, नाही कोण म्हणतं! पण माझ्या दोन वह्या शेजारी ठेवल्या तर तिकीट हे एकटं चोर नाही. २०१४ च्या वहीत तिकिटाखाली चार ओळी आहेत. २०२४ च्या वहीत, मी नको म्हटलेल्या गोष्टीही टिपल्या म्हणून, एकवीस. एकाचे पुन्हा अनेक झालेत, यात्रा परत आलीय, फक्त कुपनाचं पुस्तक फोनमध्ये गेलंय. कंपनीचं गणितही सरळ आहे. २०२४ सालच्या तिच्या नफ्यात निम्म्याहून जास्त वाटा पार्क, सहलीच्या बोटी आणि त्याभोवतीच्या धंद्याचा होता. जागा तेवढीच, येणारे थांबत नाहीत, मग पुढे उभं राहण्याचे पैसे कुणीही लावेल. मी त्यांच्या जागी असते तर मीही लावले असते, हे कबूल करते.

मला त्रास पैशाचा कमी होतो. होतो तो निर्णय कुठे घ्यावा लागतो याचा. दुपारचे दोन, ऊन, मुलीच्या पायाला फोड, समोर ऐंशी मिनिटांची पाटी आणि हातात फोन : बटण दाबलं की रांग कमी. त्या क्षणी माणूस बटण दाबतो. मीही दाबेन. एरवी कोथिंबिरीची जुडी सव्वा डॉलरची की एक डॉलरची यावर दुकान बदलणारी मी, तिथे वीस सेकंदांत शंभर डॉलर घालवेन.

म्हणून आम्ही सप्टेंबरात स्वयंपाकघराच्या टेबलावर एक कागद घेतला आणि दोन रकाने केले. 'घरी ठरवायचं' आणि 'तिथे ठरवायचं'. नियम एवढाच की निघायच्या दिवशी दुसरा रकाना कोरा पाहिजे. हे सोपं वाटतं, पण तीन रविवार लागले आणि एकदा नवरा उठून गॅरेज झाडायला गेला. त्याला डिस्नीच्याच हॉटेलात राहायचं होतं. मी म्हटलं, तिथे आपण झोपायलाच जाणार. बाहेरचं, स्वयंपाकघर असलेलं हॉटेल घेतलं. (वेबसाइटवर १२९ दिसत होतं, रात्रीला १६५ पडलं, 'रिसॉर्ट फी' आणि कर. रिसॉर्ट म्हणजे एक पोहण्याचा तलाव, तोही बंद.) रांग टाळण्याचे पैसे फक्त मॅजिक किंगडमच्या दिवशी, चौघांचे १२४; त्यांच्याच दुसऱ्या एका पार्कात, ॲनिमल किंगडमला, रांगेत उभं राहायचं. तीन दिवस आधी सकाळी सात वाजता चहा घेत ते बुक करून टाकलं. मग ॲनिमल किंगडमला एका रांगेत सत्तर मिनिटं गेली आणि मुलं कुरकुरली. कुरकुरू दे. कागदावर लिहिलेलं होतं, वाद घालायला जागाच नव्हती.

एक ठरवणं मात्र आमच्या हातात नव्हतं, तारीख. न्यू जर्सीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांचं अधिवेशन असतं, गुरुवार-शुक्रवार शाळा बंद, आणि अर्धी जर्सी ऑर्लँडोला. तिथले लोक त्याला 'जर्सी वीक' म्हणतात. विमानात आमच्या मागच्या रांगेत मुलाची गणिताची बाई होती! शाळा बुडवायला तयार असाल तर जानेवारीअखेर जा, स्वस्त पडतं. आम्ही बुडवली नाही, त्याची किंमत विमानाच्या १,०४० मध्ये दिसतेय.

त्या वर्षी दिवाळी नुकतीच झाली होती, त्यामुळे फराळाचे डबे घरात भरलेले. पार्कात बाहेरचं खाणं न्यायला परवानगी आहे, काच आणि दारू सोडून. हे कितीतरी जणांना माहीत नसतं, ते महागडा बर्गर घेऊन बसतात. सुरक्षेच्या टेबलावर बाईंनी स्टीलचा डबा उघडला, चकली दोन बोटांवर अंतर ठेवून न्याहाळली आणि विचारलं, "प्रेट्झेल?" नवऱ्याने ठामपणे हो म्हटलं. तिथे चकलीची भाजणी समजावायची वेळ नव्हती. खाण्याच्या काउंटरवर बर्फाचं पाणी मागितलं की फुकट मिळतं, तेही घ्या. ४२० मध्ये चार दिवसांचा किराणा आला, दुपारी पार्कात एकेकदा काहीतरी गरम आलं, आणि शेवटच्या रात्रीचं एक बरं जेवण.

पैसे कुठून आणले हेही विचारता तुम्ही, जरा अडखळत. आई पोस्टात आरडी भरायची, तीच युक्ती. बँकेत वेगळं खातं काढलं, सप्टेंबर २०२२ पासून दर महिन्याच्या दोन तारखेला १५० डॉलर आपोआप तिकडे. सव्वीस महिने, ३,९००. कमी पडलेले ६४ पगारातून. ओळखीतल्या एका घराने हीच सहल क्रेडिट कार्डावर केली आणि चौदा महिने फेडत होते. वीस टक्क्यांच्या वर व्याज असताना उंदीर आणखी महाग पडतो. आमची सव्वीस महिन्यांची वाट मुलांना लांब वाटली, पण फ्रिजवरच्या तक्त्यात चौकोन रंगवायला त्यांना आवडायचं.

आणि कडेवरचं पोर असेल तर मला विचाराल तर जाऊच नका. पाच वर्षांचं होऊ दे. एडिसनहून तासाभरात पेनसिल्वेनियाचं सेसमी प्लेस हे छोट्यांचं पार्क आहे, त्या वयाला ते पुष्कळ झालं, रात्री घरच्या गादीवर झोप. आमच्या मुलाला २०१४ चं काहीही आठवत नाही. एक फोटो आहे, त्यात तो बाबांच्या खांद्यावर झोपलाय. 'मुलगी दहाची व्हायच्या आत उरका, मग मोठ्यांचं तिकीट लागतं' म्हणून घाई करणाऱ्यांनाही सांगते, लहान-मोठ्यांच्या तिकिटात थोड्या डॉलरांचाच फरक आहे. त्यापायी धावू नका.

आता ते ८०. दोघांना चाळीस-चाळीस डॉलरचं गिफ्ट कार्ड आधीच घेऊन दिलं होतं. खेळणं, बुडबुड्यांची कांडी, कान असलेली टोपी, जे हवं ते यातून. संपलं की संपलं, आईबाबांकडे मागायचं नाही. पहिल्या दिवशी मुलगी प्रत्येक दुकानात शिरली आणि प्रत्येक दुकानातून रिकाम्या हाताने बाहेर आली. बुडबुड्यांची कांडी हातात घेतली, दिवा लावून बघितला, किंमत वाचली, ठेवून दिली. इतर दिवशी हीच पोरगी किराण्याच्या दुकानात च्युइंगमसाठी लोळण घेते.

दुसऱ्या दिवशी बंद व्हायच्या वेळी तिला एक मऊ हत्ती सापडला. ३७.९९ ची चिठ्ठी. तिने काउंटरवर हत्ती ठेवला, त्याशेजारी कार्ड ठेवलं. यंत्राने साडेसहा टक्के कर धरून ४०.४६ सांगितले. तिला कर माहीत नव्हता. आठ वर्षांच्या मुलीला चाळीस म्हणजे चाळीस. ती काउंटरवाल्या मुलाकडे बघत राहिली, मग माझ्याकडे. नवऱ्याचा हात खिशाकडे गेलेला मी पाहिला आणि त्याच्या पायावर पाय दिला. मागे रांग वाढत होती. मला स्वतःलाच कसंतरी होत होतं, ४६ सेंटसाठी मी काय सिद्ध करतेय म्हणून.

मुलगा पुढे आला. त्याच्या कार्डावर अकरा डॉलर उरले होते. त्याने कार्ड पुढे केलं, हत्ती पिशवीत गेला, आणि बाहेर पडताना त्याने बहिणीला स्पष्ट सांगितलं की हे उसने आहेत.

वहीत मी त्या सहलीचं शेवटचं पान बंद केलं, खाली दोन रेघा मारल्या. त्या रेघांखाली, मराठी शाळेत गिरवलेल्या वाकड्या देवनागरीत, त्याने लिहून ठेवलंय : 'येणे ४६ सेंट'. अजून आलेले नाहीत.