सायमनसनचा 'थॉर' पुन्हा वाचताना

लेखक-चित्रकार वॉल्ट सायमनसनचा 'थॉर' (मार्व्हलची कॉमिक्स मालिका, नायक नॉर्स पुराणातला वीजदेव) आज वाचायला काढायचा असेल तर एक पथ्य पाळा: एका बैठकीत दोन-तीन अंकांपुढे जाऊ नका. महिन्याला एक अंक हातात पडणार, या बेतानेच सगळी रचना केलेली आहे. सलग रेटलंत तर मागची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगणारे मजकूर बोचतील आणि खरी करामत निसटेल.

ती करामत ३३७व्या अंकातच दिसते (नोव्हेंबर १९८३). मुखपृष्ठावर थॉर नाहीच. घोडतोंड्या परग्रहवासी बीटा रे बिल हातोड्याने मालिकेचं जुनं नावच फोडतोय. हातोडा हातातून सुटून साठ सेकंद उलटले की थॉरचा लंगडा डॉक्टर ब्लेक, म्हणजे त्याचं माणसाचं रूप, होतो, हा मालिकेच्या आद्य कर्त्यांच्या, स्टॅन ली-जॅक कर्बींच्या, काळापासूनचा नियम. इथे थॉरचा ब्लेक होतो, हातोड्याची काठी होते, ती बिलच्या हाती लागते, तो ती आपटतो आणि थॉरची ताकद परक्याच्या अंगात! नवी जादू एकही नाही. वीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेला नियम फक्त दुसऱ्या बाजूने धरलाय. ३४०व्या अंकात तर थॉरचा बाप ओडिन तो रूप पालटण्याचा मंत्र थॉरच्या हातोड्यातून काढून बिलला दिलेल्या नव्या हातोड्यात घालतो, म्हणजे ब्लेकचं प्रकरणच मिटलं.

याच काळात अधूनमधून एखादं पान येतं: अंधारात कुणीतरी धगधगता धातू ठोकतोय. 'डूम!' बस, एवढंच. कोण आणि कशासाठी, हे कळायला बरेच महिने जातात. इथे अक्षरलेखक जॉन वर्कमनकडे नीट बघा. संवादाचे फुगे तो चौकटीच्या कडेला भिडवतो आणि तिथली रेघ उघडी सोडतो, त्यामुळे फुग्याचा पांढरा रंग थेट पानाच्या कोऱ्या जागेत मिसळतो. आवाजाची अक्षरं तर चित्राचाच भाग. ती झाकली तर पान पांगळं होतं.

नव्या संग्रहांत स्टीव्ह ऑलिफने रंग पुन्हा केलेत. सफाई आहे, पण संगणकी छटांमुळे सायमनसनची खरखरीत, तुटक रेघ मऊ पडते. जुने अंक मिळाले तर एखादं पान शेजारी ठेवून बघाच.

३६२व्या अंकातला स्कर्ज अजूनही अंगावर येतो. जन्मभर एन्चँट्रेस या जादूगारणीच्या मागे फरपटलेला, हसं झालेला हा खलनायक मृतांच्या राज्याच्या वेशीवरच्या ग्यालरब्रू पुलावर बंदुका घेऊन एकटा उभा राहतो, बाकीचे निसटावेत म्हणून. आपल्याला घोडखिंड आठवणारच. पण बाजीप्रभूंच्या निष्ठेबद्दल कुणाला शंका नव्हती, स्कर्जवर मात्र कुणाचाच भरवसा नव्हता. हा प्रसंग चालतो तो त्यामुळेच. मागचे दोन अंक टाळून थेट इथे आलात तर हाती फक्त गोळीबार लागेल.

बेडूक झालेला थॉर (३६४ ते ३६६) ऐकायला पोरकट वाटतो; वाचताना अजिबात नाही. सेंट्रल पार्कातली बेडूक-उंदीर लढाई लेखक गंभीर चेहऱ्याने सांगतो, तिथेच मजा आहे.

आता रडगाणं. एन्चँट्रेसची बहीण लोरेलाय आणि तिचं प्रेमाचं औषध हे प्रकरण फार ताणलंय, आणि त्यातली बाईची कल्पना आज जुनाट वाटते. ३५६ हा भरतीचा अंक, खुशाल सोडा. ३७३-३७४ मध्ये 'एक्स-मेन' या मार्व्हलच्याच दुसऱ्या मालिकेतल्या हत्याकांडाचा धागा मध्येच घुसतो; तिथले अंक वाचले नसतील तर गोंधळ उडतो. ३६८पासून चित्रं प्रामुख्याने सॅल बुसेमाची. कथा सांगण्यात तो पक्का, पण पानाची ती झेप कमी होते.

अपवाद ३८०. मृत्युदेवता हेलाच्या शापाने थॉरची हाडं ठिसूळ झालीत, मरणही येत नाही, म्हणून अंगावर चिलखत. ते ३७८मध्ये चढतं, तेव्हा तिथूनच सुरुवात करा. समोर मिडगार्डचा, म्हणजे पृथ्वीला विळखा घालणारा, महासर्प. सायमनसन पुन्हा पेन्सिल धरतो, शाई बुसेमाची, आणि लढाईचं एकेक पान म्हणजे एकच चित्र. वाचून व्हायला दहा मिनिटंही लागत नाहीत. मग पुन्हा पहिल्या पानावर जा आणि या वेळी फक्त सर्पाचा आकार बघत या.