निघालोच, काका!

बेसिनखाली बादली लावून मी प्लंबरची वाट बघत होतो. सकाळी 9 ला फोनवर 'निघालोच, काका' म्हणाला होता. साडेअकराला मी दुसरी बादली ओतली, तेव्हा मेसेज आला, 'कमिंग सून'. पोस्टरवर असतं तसं.

हा 'सून' (घरातल्या सुनेचा काही संबंध नाही, ती बिचारी वेळेवर असते) जुन्या इंग्रजीत 'सोना' होता आणि त्याचा अर्थ होता ताबडतोब, त्याच क्षणी. माणसं 'सून येतो' म्हणत राहिली, उशिरा येत राहिली आणि त्यांच्यामागून अर्थही घसरत 'थोड्या वेळानं'वर येऊन टेकला. 'प्रेझेंटली'चं तेच झालं. 'अनॉन'चं (हाही मूळचा 'लगेच'च) तर विचारूच नका. शेक्सपिअरच्या 'हेन्री द फोर्थ'च्या पहिल्या भागात गुत्त्यावरचा एक पोऱ्या आहे, फ्रान्सिस. राजपुत्र त्याला मुद्दाम बोलण्यात गुंतवतो, मित्र पलीकडच्या खोलीतून हाका मारतो आणि हा जागेवरूनच ओरडतो, 'अनॉन, अनॉन, सर!' आपल्या हॉटेलातला 'आलो, आलो शेठ' तो हाच.

सगळ्यात मजा 'बाय अँड बाय'ची. 1611 च्या इंग्रजी बायबलात एक मुलगी हेरोद राजाकडे बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं मस्तक तबकात मागते, तेही 'बाय अँड बाय'. तिला तत्काळ हवं होतं. आज वाचलं तर वाटतं, बाई म्हणतेय, सवडीनं पाठवा, घाई नाही.

आपणही काही कमी नाही. 'आता'वर कुणाचा विश्वास बसेना, म्हणून असेल, आपण 'त' ठासून 'आत्ता' म्हणतो. तेही पुरेना, मग 'आत्ताच्या आत्ता'. पण 'आलोच'ची सर कशालाच नाही. माणूस अजून अंथरुणात असतो आणि व्याकरणानं येऊन पोचलेला असतो. वर 'च'सुद्धा! इंग्रजांनी निदान भविष्यकाळ तरी सोडला नव्हता.

सव्वाएकला प्लंबर आला. खाली वाकून बघितलं, नळ दोनदा फिरवला.

"वायसर गेलाय, काका. दुकानातून आणावा लागेल."

"किती वेळ?"

तो चपला घालत होता. "आलोच."

मी बादली पुन्हा सरकवली.