2036 सालचं तक्रार पुस्तक

बाबांनी तिकीट हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांजवळ नेला आणि विचारलं, "टप्पा कुठाय?"

तिकीट खोटं होतं. तारीख 14 जून 2036. छोट्या थर्मल प्रिंटरवर रात्री जागून छापलेलं: 'बोलावणी गाडी. पूर्ण 1. भाडे मागणीनुसार.' बाबांची सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून गेली. एसटीचं भाडं सहा-सहा किलोमीटरच्या टप्प्यांनी ठरतं, आणि त्यांच्या हिशेबी टप्पा नसलेलं तिकीट म्हणजे नुसता कागद. "टप्पाच नाही, तर पॅसेंजरनं भांडायचं कशाच्या जोरावर?"

मी पुण्यात सर्व्हिस डिझाइनचं, म्हणजे सेवांची आखणी करायचं, काम करते. (नातेवाइकांना आई अजून "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढंच सांगते.) गेल्या वर्षी एका संस्थेचं काम आलं. डोंगरातल्या वाड्यांना वेळापत्रक नसलेली, फोन केला की येणारी, बिनकंडक्टरची मिनीबस दिली तर लोकांना चालेल का? पहिल्या खेपेला मी पाटणच्या वरच्या अंगाला एका गावात तीन मिनिटांचा ॲनिमेशन व्हिडिओ घेऊन गेले. हिरवे डोंगर, हसरी आजी, चकचकीत गाडी. सगळ्यांनी पाहिला, "छान आहे" म्हणाले, चहा पाजला. माझ्या वहीत लिहिण्यासारखं काही मिळालं नाही. व्हिडिओला छान म्हणायला कुणाचं काय जातं?

परत आल्यावर ठरवलं, आता डिझाइन फिक्शन करून बघू. हा शब्द ब्रूस स्टर्लिंग या विज्ञानकथालेखकाने 2005 मध्ये वापरला आणि 2009 मध्ये ज्युलियन ब्लीकर या डिझायनरने त्यावर सविस्तर निबंध लिहिला. मला समजलं ते असं: भविष्याची गोष्ट सांगत बसायचं नाही, त्या गोष्टीतली एखादी वस्तू बनवून लोकांच्या हातात द्यायची. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेत शिकलेल्या अनब जैन यांच्या लंडनच्या सुपरफ्लक्स या डिझाइन स्टुडिओने संयुक्त अरब अमिरातीच्या सरकारी मंडळींना पुढच्या काळातली प्रदूषित हवा बनवून हुंगायला दिली होती. जबरदस्त कल्पना. पण माझं काम बसचं. मला काहीतरी रटाळ वस्तू हवी होती, जिच्याकडे बघून कुणी "वा" म्हणणार नाही.

म्हणून तक्रार पुस्तक. शंभर पानी रेघी वही, खाकी कव्हर, कोपऱ्याला भोक पाडून ओवलेली सुतळी. प्रत्येक पानावर आकड्याचा शिक्का. 'वाहकाचा खुलासा' हा शेवटचा रकाना बाबांनी हट्टाने घालायला लावला. मी म्हटलं, गाडीत वाहकच नाही. ते म्हणाले, "रकाना तर ठेव."

पहिल्या काही तक्रारी मीच लिहिल्या, वेगवेगळ्या पेनांनी. त्यातली एक:

'दि. 3 मे 2036. मी एकटीने गाडी बोलावली होती. खालच्या वाडीतून सहा जणांनी बोलावली म्हणून गाडी तिकडे वळली. डायलिसिसला कराडला पोचेपर्यंत दुपार झाली.'

आणखी एकीत मुलाचा डबा गाडीत ठेवायला गेलेल्या बाईला यंत्राने 'सोबत प्रवासी नाही' असं सांगून दार लावून घेतलं होतं.

शाळेच्या व्हरांड्यात वही ठेवली, शेजारी तिकिटं. डायलिसिसची तक्रार कुणीतरी मोठ्याने वाचली आणि एकजण बोलून गेला, "बरोबरच आहे की. सहा जण आधी." झालं! पुढचा पाऊण तास मला तोंड उघडावं लागलं नाही. एक बाई तावातावाने म्हणाली, "म्हणजे वरच्या वस्तीवर आम्ही दोनच घरं, आमचा नंबर कधीच लागायचा नाही?" हा प्रश्न संस्थेच्या चाळीस स्लाइडांत कुठेच नव्हता. गाडी कुणाकडे आधी वळणार हे ठरवणारा नियम म्हणजेच ही सगळी सेवा, आणि व्हिडिओत मी तो हिरव्या डोंगराआड दडवला होता. नंतर लोकांनी स्वतः पेन उचललं. 2036 च्या तक्रारी, 2036 च्या तारखा घालून!

दुसरा प्रयोग फोनचा. आयबीएममध्ये 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ऐकून टाइप करणारं यंत्र म्हणून जे लोकांपुढे ठेवलं होतं, ते प्रत्यक्षात दुसऱ्या खोलीत बसलेला टायपिस्ट चालवायचा. तसं मी शेजारच्या वर्गात बसून बुकिंगचं यंत्र झाले. लोकांना आधी सांगितलं होतं की हे नाटक आहे, तरी सगळे फोनवर अगदी जपून बोलत होते. एका आजींना मी सपाट आवाजात म्हटलं, "गाडी बावीस मिनिटांत येईल."

"बरं. गाडीवर कोण हाय?"

यंत्राकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही. आजींनीच समजावलं, "मुक्कामी गाडीवर कोण आलंय ते आमाला सांजंला कळतं. त्याच्यापाशी गोळ्यांचे पैसे देते मी. दुसऱ्या दिवशी गोळ्या येत्यात."

मी वर्गात बाकावर बसून होते, फोन कानाला. पगारपत्रकात वाहक असलेल्या माणसाचं निम्मं काम वेबिलात, म्हणजे फेरीच्या तिकिटांच्या हिशेबाच्या कागदात, कधी आलंच नव्हतं. आणि माझा बाप आयुष्यभर हेच करत होता, हे मला पाटणच्या आजींनी सांगावं लागलं. आमच्या फडताळात दुसऱ्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या का असायच्या, हे मी लहानपणी विचारलंही नव्हतं.

संस्थेला वहीच्या पानांचे फोटो पाठवले. त्यांचं पहिलं वाक्य, "पण या तक्रारी तर अजून घडलेल्याच नाहीत." दुसरं, "एवढ्याशा लोकांवरून काय ठरवणार?" यातलं दुसरं रास्त होतं. एका गावावरून सेवा ठरत नाही, नियम कुठे दुखणार एवढं कळतं. खूप चर्चेनंतर संध्याकाळच्या फेरीला एक मदतनीस ठेवून बघायचं कबूल झालं. कंडक्टर म्हणायचं नाही, 'सहायक'. असो.

वही आता पुण्याच्या घरी आहे. परवा बघते तर बाबांनी ती उघडलेली. डायलिसिसच्या तक्रारीपुढचा शेवटचा रकाना त्यांनी भरून टाकला होता, त्यांच्या त्या डेपोच्या अक्षरात, खाली सहीसकट:

'सदर गाडीस वाहक नव्हता. सबब खुलासा घेता आला नाही.'