आईचं बीपी आणि दवाखान्याच्या १९ पायऱ्या

आईची बीपीची गोळी, अ‍ॅम्लोडिपिन, दोन महिन्यांत पाच मिलिग्रॅमवरून दहावर गेली आणि तिचे पाय सुजले. त्याआधी तीन फेऱ्यांत काय चुकत होतं ते आता कळलंय. राग अजून जात नाही.

आम्ही इंदूरचे, रामबागेतले. फॅमिली डॉक्टरांचा दवाखाना पहिल्या मजल्यावर. नंबर सकाळी लागतो, त्यात त्रास नाही. त्रास बाहेरच्या टेबलाशी. १९ पायऱ्या चढून आई धापा टाकत पोचली, की कंपाउंडर लगेच स्वेटरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळायचा. हात लोंबता. त्यातच विचारणार, "आजी, जेवण झालं का? झोप लागते?" आई उत्तर देतेय, मशीन फुगतंय. वरचा आकडा १६८. पुढच्या वेळी १७२. पर्चीवर तेवढाच आकडा, आणि डॉक्टर त्यावरूनच औषध ठरवणार. त्यांना जिना कसा दिसणार? मी म्हटलं, "भाऊ, जरा बसू द्या हो तिला." "ताई, लाइन बघा किती आहे."

चौथ्या वेळी टेबलाशी नवी सिस्टर होती. "आई, पाच मिनिटं टेकून बसा, बोलू नका. लघवीला जाऊन यायचंय का?" लघवी तुंबली असली तरी बीपी वर दिसतं, हे मला तिच्याकडूनच कळलं. पाय जमिनीला टेकवले, स्वेटर काढला, हात टेबलावर छातीच्या उंचीला. १३४. मिनिटभराने परत, १३२. मग उभं करून मोजलं: १०८! चक्कर येते म्हणून आई महिनाभर सांगत होती. सिस्टरने तिन्ही आकडे लिहिले, शेजारी "पाय सुजलेत, चक्कर येते" असंही लिहिलं. डॉक्टरांनी वाचलं, गोळी पाचवर आणली आणि आठवडाभर घरी मोजून आणायला सांगितलं. घरी १३५/८५ च्या आत हवं, म्हणाले. तसं राहिलं. सूजही उतरली.

गोळी मात्र मी मनाने कमी केली नव्हती, कुणी करू नये. दंड जाड असेल तर मोठा पट्टा मागा, लहान पट्ट्यात आकडा फुगतो. घाई असली तरी "पाच मिनिटं बसते" म्हणून बाजूला व्हा, मागच्याचा नंबर आधी जाऊ द्या. आणि हो, चहा राहिलाच: मोजायच्या अर्धा तास आधी चहा, कॉफी, तंबाखू काही नको. आई घरून निघताना चहा घेऊनच निघायची.