तीन फुटांवरून आमची गल्ली

जुलैतली दुपार. नागपुरात मानेवाड्याकडच्या आमच्या लेआउटमधली अंगणवाडी सुटली आणि माझी साडेतीन वर्षांची मुलगी माझं बोट सोडवून पलीकडे उभ्या असलेल्या आजोबांकडे धावली. त्यांनी हाक मारली होती, बस. एक स्कूटर करकचून ब्रेक लावत तिच्यापासून वीतभरावर थांबली. पोरीला ओरखडाही नाही. चालवणारा मुलगाच थरथरत होता. "काकू, दिसलीच नाही जी ती," एवढंच तो म्हणाला.

मला ती सबब वाटली. सिमेंट रोड झाल्यापासून आमच्या गल्लीत गाड्या सुसाटच जातात. मग मी मुलीला धडे दिले: आधी उजवीकडे, मग डावीकडे. तिने दोन दिवसांत पाठ केलं, आज्याला म्हणूनही दाखवलं आणि तिसऱ्या दिवशी कुत्र्याच्या पिल्लामागे थेट रस्त्यावर. अंगणवाडीताई हसल्या. म्हणाल्या, "ताई, या वयात नियम तोंडात राहतो, पायात नाही उतरत." गाडी किती जोरात येतेय, किती लांब आहे, हे त्या वयाच्या लेकराला ताडता येत नाही. आपल्याला गाडी दिसली म्हणजे गाडीवाल्यालाही आपण दिसलो, असं ते धरून चालतं.

एका रविवारी मी अंगणवाडीच्या फाटकाशी गुडघे टेकून बसले. येणारे-जाणारे बघत होते, बघोत. डोळे साधारण तीन फुटांवर आले, तर समोर एका कारचं चाक, दुचाक्यांची रांग आणि भाजीचा ठेला. रस्ता नाहीच. मला तिकडचं दिसत नव्हतं, तसंच तिकडून येणाऱ्यालाही लेकरू गाड्यांच्या फटीतून बाहेर पडेपर्यंत दिसणार नव्हतं. तो पोरगा खरं बोलत होता.

दरम्यान गल्लीतल्या मंडळींनी रातोरात मलबा आणि सिमेंट ओतून ब्रेकर केला. तिसऱ्याच दिवशी एक काकाजी त्यावरून लुनासकट पडले आणि आम्हीच तो कुदळीने फोडला. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या मानकात गोलसर माथ्याचा ब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला होता, म्हणजे ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने गाडी आरामात जाते आणि त्याहून जोरात नेली की दणका बसतो. पुढे इशाऱ्याची पाटी, वर पांढरे पट्टे. आमचा दीड फूट रुंद होता आणि अर्धा फूट उंच. ब्रेकर कसला, भिंतच ती!

मग अर्ज. पहिला परत आला. रस्ता कोणाच्या ताब्यात आहे यावरच दोन टेबलं एकमेकांकडे बोट दाखवत राहिली. यात आमचे तीन आठवडे गेले, म्हणून सांगते, आधी तेवढं विचारून घ्या. गाड्या लावायला बंदी हवी असेल तर तो अर्ज वाहतूक पोलिसांकडे, ब्रेकर आणि रस्ता ओलांडायच्या पट्ट्यांचा वेगळा. दुसऱ्या अर्जाला सह्या आणि हाताने काढलेला नकाशा जोडला. गुडघ्यावर बसून काढलेले फोटोही लावले. पाहणीला आलेले इंजिनिअर सह्यांकडे न बघता त्या फोटोंवरच थांबले.

खरा तिढा वेगळाच होता. फाटकाला लागून उभी राहणारी ती कार शेजारच्या काकाजींची. "वीस वर्षांपासून गाडी इथीच लागते जी," ते म्हणाले. मी वाद घातला नाही. पोरांची बुटकी खुर्ची आणून त्यांना फाटकाशी बसवलं. बराच वेळ बसले, मग म्हणाले, "इथून तं काहीच दिसत नाही." गाडी हलायला तरी चार दिवस लागले. रविवारी अजूनही तिथेच असते, पण त्या दिवशी अंगणवाडीला सुट्टी.

बाकीचं बिनपैशाचं. न्यायला येणाऱ्याने फाटकाच्या बाजूलाच उभं राहायचं, पलीकडून हाक मारायची नाही. आमच्या आजोबांना हे सांगणं सगळ्यांत जड गेलं. लेकराचं बोट नाही, मनगट धरायचं. बोट पटकन निसटतं. कार मागे घेताना एकाने खाली उतरून मागे उभं राहायचं, कारण डिकीमागे बसून मातीत खेळणारं पोट्टं आरशात येत नाही.

रस्ता ओलांडायचे पट्टे पोळ्याच्या आठवड्यात रंगले, ब्रेकर दिवाळीनंतर झाला. तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोरांच्या पोळ्याला, मात्र आम्ही कोणाची वाट पाहिली नाही. संध्याकाळी गल्लीच्या दोन्ही तोंडांना बल्ल्या आडव्या लावल्या आणि चाकांचे लाकडी बैल ओढत पोरं रस्त्याच्या मधोमध फिरली. एका बल्लीपाशी खुर्ची टाकून शेजारचे ते कारवाले काकाजी बसले होते. सामान पोचवायला आलेल्या पोराला म्हणाले, "गाडी बंद कर अन् ढकलत ने. बैल चालले आहेत."